पुलावरची किटली

“या घराच्या उंबऱ्याच्या आत जात नावाची चीज आजवर आलेली नाही, आणि माझ्या देहात प्राण असेपर्यंत येणारही नाही!”

असे धीरगंभीर उद्गार जमादार दिनकररावांनी काढले, उजवा हात छताच्या पंख्याकडे उगारला, पुढचं वाक्य याहूनही भव्य असणार म्हणून छातीत दमदार हवा भरून घेतली... आणि त्यांना उचकी लागली.

माठ सुकेशनीच्या अगदी हाताशी होता. सून या नात्यानं ती उठली, पेला घेतला, माठावरचं झाकण उचलायला हात पुढं केला... तेवढ्यात गुडघ्यांपायी देवळाची पायरीही न चढणाऱ्या तानुबाई घराच्या दुसऱ्या टोकाहून अशा धावत आल्या, की पोलीसभरतीला उभ्या असत्या तर पहिल्या फेरीतच लागल्या असत्या!

“तू बस गं माय! तू कशाला तरास घेतीस? मी हाय की!”

पेला सुकेशनीच्या हातून निसटून सासूच्या हातात गेला, सासूच्या हातून माठात गेला, माठातून सासऱ्यांच्या घशात गेला. उचकी काही थांबली नाही. त्यांची उचकी तशी नामांकित होती. स्वतःलाच न पटलेलं काही बोलून गेलं की लागायची. कोर्टात साक्षीला उभे राहिले की विरोधी वकील आधी तिचीच वाट पाहायचे.

सुकेशनी मुकाट खाली बसली. योगीराजशी तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. परभणीच्या रजिस्ट्रार कचेरीत, दोन सह्या करून आणि चार हार घालून. तो कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, ती पोलीस खात्यात, वायरलेसच्या कंट्रोल रूमला. त्या दोन वर्षांत या माठातलं पाणी तिनं एकदाही स्वतःच्या हातानं घेतलं नव्हतं. तहान लागायच्या आत पेला समोर यायचा! माहेरी गेल्यावर तिनं किती कौतुकानं सांगितलं होतं, “आई, सासू लय जीव लावती गं... पाणीसुद्धा हातात आणून देती!” तिची आई सुलाबाई चुलीपुढं बसली होती. ती नुसतं “हं” म्हणाली होती.

त्या एवढ्याशा ‘हं’मध्ये किती युगांचं शहाणपण भरलेलं होतं, ते सुकेशनीला आत्ता, या क्षणी कळत होतं... आणि कळता कळता काळीज चिरत चाललं होतं!

कारण उद्या तिचा जबाब होता.

त्याचं असं झालं. भाद्रपदात येलदरीचं धरण काठोकाठ भरलं आणि दरवाजे उघडायची वेळ आली. पूर्णेला पाणी सुटणार म्हणून खालच्या अंगाचा एक पूल बंद करायचं ठरलं. तिथं बंदोबस्ताला दिनकरराव आणि चार शिपाई. वॉकीटॉकी आदल्या संध्याकाळीच मिळाला होता, तो चार्जिंगला घरी आला. आणि घरी आलेली कुठलीही वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हा तानुबाईंचा नेम! मसाल्याच्या पुडीला रबर, औषधांना रबर, योगीराजच्या दहावीच्या गुणपत्रिकेलासुद्धा रबर. सरकारी वॉकीटॉकी तरी पावसात कसा भिजू द्यावा? तानुबाईंनी तो पिशवीत घातला आणि मायेनं दोन रबरं आवळून लावली. त्यातलं एक नेमकं बाजूच्या बटणावर बसलं.

आता वायरलेसची रीत अशी, की बटण दाबून धरलं आहे तोवर बोलणाऱ्याचं तोंड सगळ्या जिल्ह्याच्या कानाशी, आणि बाकीच्यांनी गुमान ऐकायचं. पुलावर पोचून दिनकररावांनी पिशवी खांद्याला अडकवली, तिला एकदा चांगला हिसडा बसला आणि बटण दबलं ते दबलंच. जिल्ह्यातल्या तमाम ठाण्यांनी मग दिनकररावांच्या गुडघेदुखीची हकीकत ऐकली, तंबाखू थुंकल्याचा आवाज ऐकला, एका साहेबांच्या ड्रायव्हिंगविषयीचं स्पष्ट मतही ऐकलं. कंट्रोल रूममध्ये बसलेली सुकेशनी “मामा, बटण सोडा... बटण सोडा!” म्हणून जीव तोडून सांगत होती. पण तिचं कुणाला ऐकू जाणार? शेवटी तिलाही हसू आलं.

ते तिचं शेवटचं हसू.

“ए! कुठं घुसायलास? पूल बंद हाय, एकदा सांगून कळत न्हाई? कुठला हाईस रे तू?”

वाऱ्यापावसात एक थकलेला आवाज आला, “भीमनगरातला हाय, साहेब. मी म्हणलं तुमी पावसात...”

“वाटलंच मला! तुमची जातच तसली! सांगून कळत न्हाई, फुकट भेटंल तिकडं...”

यापुढचे शब्द इथं छापण्यासारखे नाहीत. कंट्रोल रूमच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते अगदी स्वच्छ आहेत.

आणि मग तो थकलेला आवाज, न चिडता, न वाढता, म्हणाला, “बरं, साहेब. एवढं ठिवतो आन् जातो.”

सुकेशनीचा हात माइकवर गोठला! धरणी दुभंगावी आणि खुर्चीसकट आपल्याला पोटात घ्यावं, असं तिला झालं. जगातले सगळे आवाज विसरली असती, तरी हा कसा विसरली असती ती? याच आवाजानं तिला लहानपणी झोपवलं होतं, सायकलवर बसवून शाळेत सोडताना दमलेल्या श्वासात पाढे म्हणून घेतले होते...

तो तिचा बाप होता. सिताराम. दिनकररावांचे सख्खे व्याही!

दिनकररावांनी आपल्या व्याह्यांना ओळखलं नाही, यात त्यांचा एका अर्थी काहीच दोष नव्हता. ओळखायला आधी बघावं लागतं. लग्नाच्या दिवशी ते रजिस्ट्रार कचेरीच्या समोरच्या टपरीवर उभे होते आणि रस्त्यापलीकडून त्यांनी एक पांढरा सदरा तेवढा पाहिला होता. त्यानंतर व्याह्यांच्या घरी जायचा बेत दर सणाला ठरायचा आणि दर सणाला नेमका बंदोबस्त लागायचा. त्या दिवशी तर सिताराम डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आला होता.

दुसऱ्याच दिवशी ती ध्वनिफीत जिल्हाभर मोबाइलवर फिरली. तरुण पोरांनी निवेदनं दिली, वरिष्ठांनी चौकशी लावली. पुलावरच्या चारही शिपायांनी सांगितलं, वारा होता, काही ऐकू आलं नाही. चौघांच्याही कानांत एकाच वेळी वारा शिरला होता! शिव्या खाणारा म्हातारा कोण, तेही कळेना. तक्रार घेऊन कुणी आलंच नाही. दिनकररावांनी “तो आवाज माझा न्हवंच” असं लिहून दिलं (लिहिताना उचकी लागत नाही). राहता राहिली कंट्रोल रूमची ऑपरेटर. आवाज कुणाचा, हे तिनं सांगायचं.

घरात या विषयावर अखंड चर्चा चालू होती, नाही असं नाही. पण ती सगळी रबराची.

“रबर जरा सैल लावलं असतंस तर?” दिनकरराव कपाळ धरून म्हणायचे.

“माझ्याच हातांनी घात केला वो तुमचा!” तानुबाई पदर डोळ्यांना लावायच्या. “जळो मेलं ते रबर!”

“आई, ते रबर मुळात कुठल्या पुडीचं होतं?” योगीराज विचारायचा. तो शास्त्रशाखेचा होता.

त्या रबराचा रंग, ताण आणि जाडी यांवर इतका खल झाला. त्या वाक्यावर एक अक्षर नाही! सुकेशनी ताटात मान घालून घास गिळायची आणि मनातल्या मनात आक्रंदायची... कुणीतरी एकदा विचारा रे, त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल?

पुलावर ते घडलं त्याच संध्याकाळी तिनं माहेरी फोन केला होता.

“आबा, पुलावर तुमी होतात ना?”

सिताराम म्हणाला, “तुला कुणी सांगितलं?”

“मी ऐकलं, आबा... सगळं ऐकलं!”

“मग ऐकलं तसं इसर. तुझं घर हाय ते, माय. ह्या कानानं ऐकायचं आन् त्या कानानं सोडायचं. माझी आण हाय तुला, काय बोलू नको.”

“पण तुमी गेलातच कशाला तिथं?”

“काय सांगू... पोरं म्हणली, परभणीचे जमादार पावसात उभे हायत. नाव इचारलं तर आपलेच व्याही. म्हणलं, कधी नव्हं ते दाराशी आलेत, चहा तरी द्यावा.”

सुकेशनीनं तोंडात पदर कोंबला होता...

आणि दैवाची क्रूर थट्टा पाहा! तो चहा दिनकरराव प्याले होते. पुलाच्या कठड्याशी किटली दिसली, वर पोतं झाकलेलं, आत आलं घातलेला वाफाळता चहा. कुण्या भल्या माणसानं ठेवला असेल म्हणून पाचही जण प्याले, दिनकरराव दोनदा. घरी येऊन त्यांनी गहिवरून सांगितलं, “तानू, दुनियेत अजून माणुसकी हाय बरं का!” किटली बेवारस म्हणून बरोबर घेऊन आले. तानुबाईंना ती फार आवडली. चिंचेनं घासूनपुसून त्यांनी ती स्वयंपाकघरात आतल्या फळीवर ठेवली, आणि महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या सवाष्णींना सोवळ्यात त्याच किटलीतून चहा पाजला! सुकेशनी दाराशी उभी राहून बघत होती. किटलीच्या झाकणाला तांब्याच्या तारेची कडी होती. ती तार आबांनी तिच्या डोळ्यांदेखत वळली होती.

तर अशी ती संध्याकाळ होती आणि उद्या जबाब होता. उचकी चालूच होती.

तानुबाई सुनेसमोर खाली बसल्या आणि त्यांनी चक्क पदर पसरला. “पोरी, मी तुला कधी काय मागितलं का? ‘आवाज नीट ओळखू येईना’ एवढंच म्हण. रिटायर व्हायला आलेत गं ते... म्हातारपणी ह्यांच्या अंगावरली वर्दी उतरवू नको!”

“मी... मी काय वाईट माणूस... हिक्... हाय का गं?” दिनकररावांचा आवाज फुटला. “रागात तोंडातून निसटलं. आन् ते मेलं रबर...”

“रबरानं नुसतं बटण दाबलं, मामा,” सुकेशनी म्हणाली. “शब्द रबराचे नव्हते.”

योगीराजनं मोबाइलमधून मान वर काढली.

सुकेशनीच्या छातीत वादळ उठलं होतं. एकीकडं बापाची आण, दुसरीकडं सासूचा पदर; आणि मधोमध, वर्दी अंगावर चढवताना तिनं स्वतः ताठ मानेनं घेतलेली शपथ. ती उठली. कधी नव्हे ती सरळ स्वयंपाकघरात गेली, आतल्या फळीपर्यंत गेली. तानुबाईंच्या तोंडून सवयीनं “अगं, मी देते...” निघालं आणि अर्ध्यावरच विरलं. किटली घेऊन सुकेशनी बाहेर आली आणि तिनं ती सासऱ्यांपुढं ठेवली.

“ही कुणाची हाय, मामा?”

“बेवारस... हिक्... पुलावरली.”

“त्या टेपवर दोन आवाज हायत. एक तुमचा. दुसरा कुणाचा, हे ह्या घरात एकानं तरी इचारलं का? ‘एवढं ठिवतो आन् जातो’ म्हणला ना तो म्हातारा? हे ठिवलं त्यानं. तुमच्यासाठी आणलं होतं... व्याही पहिल्यांदा गावाच्या शिवंवर आले म्हणून! ही तार बघा. माझ्या आबांनी वळलेली हाय ही...”

आणि इतके दिवस बांधून ठेवलेला तिचा बांध फुटला! किटलीवर डोकं टेकून ती लहान मुलासारखी हमसून हमसून रडू लागली.

“आबांनी मला आण घातली, बोलू नको म्हणून. तुमच्या चार शिपायांत ‘मी तुमचा व्याही’ म्हणायला त्यांना काय जड होतं? पण तुमची मान खाली जाईल म्हणून नाव सांगितलं न्हाई त्यांनी... शिव्या खाल्ल्या आन् चहा ठिवून गेले! उद्या मी खरं तेच सांगणार हाय, मामा. मग ह्या घरात ठिवा न ठिवा. माझी बॅग भरलेली हाय.”

दिनकररावांनी किटलीकडं पाहिलं. झाकणाच्या तारेवरून बोट फिरवलं. त्या चहाची आल्याची चव त्यांच्या जिभेवर परत आली असावी, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरलं.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की उचकी थांबली आहे.

“बॅग रिकामी कर,” ते म्हणाले. “उद्या आधी मी जातो.”

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून, आधी लिहून दिलेलं खोटं होतं, आवाज माझाच आणि शब्दही माझेच, असं दिनकररावांनी सांगितलं. एकदाही उचकी न लागता दिलेली ती त्यांच्या उभ्या नोकरीतली पहिली साक्ष. त्यांच्यामागून सुकेशनीचा जबाब झाला. सासऱ्यांनी कबूल केलं म्हणून तिनं आपलं एक अक्षर कमी केलं नाही. मग सिताराम यांना बोलावणं गेलं. मुलीनं आण मोडली, म्हणून ते रागावतील अशी तिला धास्ती होती. सिताराम एवढंच म्हणाले, “आण तू मोडलीस, बरं केलंस. मला सरकारदरबारी खोटं बोलता आलं नसतं.” झालं ते त्यांनी झालं तसं सांगितलं, तिखटमीठ नाही, की पांघरूण नाही.

दिनकररावांचं निलंबन झालं. गुन्हाही नोंदला गेला आणि त्याचं जे व्हायचं ते कोर्टात व्हायचंय. रडल्यानं कागद मागं फिरत नाहीत, आणि दिनकररावांनी तसा अर्जही केला नाही. खुंटीवर वर्दी लटकत राहिली. गल्लीतल्या सवाष्णींना किटलीची हकीकत कळली तेव्हा त्यांतल्या निम्म्या म्हणाल्या, चहा मात्र फक्कड होता. उरलेल्या निम्म्यांनी डोक्यावरून अंघोळ केली.

आणि एका रविवारी, दोन वर्षं दर सणाला हुकलेला तो बेत तडीस गेला. दिनकरराव, तानुबाई, योगीराज आणि सुकेशनी पूल ओलांडून भीमनगरात सिताराम यांच्या दाराशी उतरले. बरोबर पेढ्यांचा पुडा, नारळ, शाल, टॉवेल, टोपी. पुड्याला रबर.

सिताराम यांनी धावत येऊन खुर्च्या मांडल्या. सुलाबाई काही धावल्या नाहीत. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

दिनकररावांनी वाटेत एक भाषण तयार केलं होतं. ते पहिल्या शब्दालाच कोसळलं. “व्याही... मी... मी माणूस बघितलाच न्हाई हो!”

“खोळ होती डोक्यावर माझ्या,” सिताराम हळूच म्हणाले.

“खोळ तुमच्या डोक्यावर न्हवती! ती माझ्या डोळ्यांवर होती!” असं म्हणून दिनकरराव वाकले ते थेट पायांशी. सिताराम यांनी त्यांना वरच्या वर धरलं. “असं नगा करू. तसं कुणाच्या पाया पडायचं आमच्यात न्हाई. नुसते नीट उभे राहा, बास.”

दोघेही म्हातारे एकमेकांना धरून उभे राहिले आणि दोघांचेही खांदे गदगदा हलू लागले. योगीराजला नाक पुसायला रुमाल सापडेना.

सुलाबाई आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. तो त्यांनी तानुबाईंपुढं धरला.

“घ्या. माझ्या लेकीला तुमी दोन वर्सं हातात पाणी दिलं. मी दुसरं काय देऊ?”

तानुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या सुलाबाईंकडं बघत राहिल्या. सुलाबाईंची नजर हलली नाही. तिच्यात राग नव्हता, पण माफीही अजून यायची होती. तानुबाईंनी दोन्ही हातांनी पेला घेतला. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं, उरलेलं त्या एका दमात प्याल्या... आणि पेला छातीशी धरून ढसाढसा रडू लागल्या.

“चुकलं, विहीणबाई... आता ती तिच्या हातानं घील. मी न्हाई उठायची!”

(हे वचन त्यांनी बहुतेक पाळलं. अजूनही कधीतरी सवयीनं अर्ध्या उठतात. मग आठवतं, मग गुडघ्याला बोल लावत खाली बसतात.)

सुलाबाई जरा वेळ बघत राहिल्या. मग “बसा,” म्हणाल्या, “जेवूनच जायाचं,” आणि चुलीकडं वळल्या. आईच्या आवाजातला तो कोरडेपणा किंचित ओलावला, तेव्हा सुकेशनीनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. दोन घरांच्या मधोमध ती इतके दिवस एकटीच उभी होती... आज दोन्हीकडची माणसं एका अंगणात बसली होती!

जेवणं झाली. निघायची वेळ आली. अंगणाच्या मध्यभागी उभे राहून दिनकररावांनी उजवा हात आभाळाकडं उगारला.

“व्याही! तुमच्या उपकारांतून मी सात जन्मांत उतराई होणार न्हाई! मागा! आज काय वाटंल ते मागा, हा दिनकर न्हाई म्हणणार न्हाई! प्राण मागा!”

उचकी लागली नाही. सुकेशनीनं श्वास रोखला. तानुबाईंनी मंगळसूत्र मुठीत धरलं.

सिताराम यांनी घसा साफ केला. एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा जमिनीकडं.

“प्राण ऱ्हाऊ द्या, व्याही. आमची किटली तेवढी धाडून द्या. पाव्हणे आले की शेजारची मागावी लागायलीय.”